मॉरिसच्या गाद्या

८ जाने. ६७, रवि.
जुनी मॉरिस गाडी घेऊन तीन आठवडे झाले. इंजिन ठणठणीत, आत मात्र उकिरडा. आधीच्या मालकाने, घोलवडच्या बागायतदाराने, वीस वर्षं मागच्या सीटवरून चिकूच्या पाट्या नेल्या. परवा माकुणसारला व्हिजिटला गेलो तर सीटची स्प्रिंग पँट फाडून वर आली. पेशंटच्या घरी सगळा वेळ भिंतीला पाठ लावून उभा.
आज स्वतःच बसलो. पुढची गादी काढली, कापड उसवलं, काथ्या उपसला. दुपारी अंगणभर पसारा. परत काही जुळेना. सौ. बाहेर येऊन बघत राहिली. "तुकड्यांवर नंबर घातले नव्हते?"
नव्हते.

११ जाने., बुध.
दवाखान्यातून आलो तर कापडाचे तुकडे ओटीवर जुळवून मांडलेले, प्रत्येकावर खडूने आकडा. वर्तमानपत्रावर नवी मापं बेतून तयार. सौ. म्हणते, "जुनं कापड ताण खाऊन वाढलंय. तेवढंच कापलं तर सैल बसेल, बोटभर कमी घ्यायला हवं."
हे हिला कुठून कळलं? विचारायचं राहिलं.

२९ जाने., रवि.
तपकिरी रेक्झिन मुंबईहून आणलं, एवढं माझं काम. बाकी सगळं सौ. करते. मी दाभण शोधून देतो, तेही सापडत नाही.
आज छताचं अस्तर. मांजरपाट चहाच्या पाण्यात रंगवलाय. सौ. गाडीत उताणी पडून टाके घालत होती, पाय दाराबाहेर. शेजारचे मास्तर फाटकाशी आले. मी घाईने पुढे झालो, त्यांना बाहेरूनच वळवलं. "मुंबईचा कारागीर आलाय, काम चाललंय."
डॉक्टरची बायको दाभण घेऊन गाडीत लोळतेय, हे कसं सांगायचं?
वळून पाहिलं. तिने पाय आत घेतले होते.

१९ फेब्रु., रवि.
गाडी झाली. गाद्या टणक, कडेला बारीक गोट, कुठे सुरकुती नाही. दाराचे कुजलेले पुठ्ठेसुद्धा नवे.
दुपारी तारापूरहून कर्णिक आले. तिथल्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे इंजिनियर, मुलाच्या खोकल्यासाठी माझ्याकडे येतात. गाडीत शिरले ते बाहेर येईनात. टिपेवरून बोट फिरवत म्हणाले, "डॉक्टर, ही बाजारातली शिलाई नव्हे. केलं कुणी?"
"मीच. रविवारचा उद्योग."
"तरीच! सर्जनचा टाका लपत नाही."
मी हसलो. सौ. दारातच होती. शेजारी पायरीवर हिराबाई, सातपाटीची, आमची नेहमीची मासळीवाली. रेक्झिन ताणताना सौ.ने दोनदा तिला टोक धरायला बसवलं होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या.
"आमच्या गाडीची पुढची गादी कराल?" कर्णिक.
"द्या पाठवून." तोंडातून गेलं.
इथे तरी खरं लिहितो. टाका वाकडा म्हणाले असते तर बायकोने केलंय म्हणालो असतो.

२० फेब्रु., सोम.
हिराबाईने सकाळी पाटी उतरवली ती थेट माझ्यापुढे. "डाक्टर, बोंबील कोन साफ करनार? तुमीच ना? सगला तुमीच करता."
सौ. आतच होती. हसण्याचा आवाज आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

२६ फेब्रु., रवि.
कर्णिकांचा ड्रायव्हर गादी टाकून गेला. १२ तारखेला स्वतः न्यायला येणार आहेत. सौ.ने स्प्रिंगा दाबून पाहिल्या.
"शिवा की मग."
"सुमती, अगं..."
"त्यांनी तुम्हाला सांगितलंय. मला कुठे?"
आवाज चढला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

५ मार्च, रवि.
शिवणाच्या मशीनवर बसलो. दोरा तीनदा तुटला, चौथ्यांदा सुई डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार. सुमतीने धावत येऊन चाक उलटं फिरवलं, बोट सोडवलं, आयोडिन लावलं.
"रेक्झिन ढकलायचं नसतं. मशीन ओढेल तेवढंच जाऊ द्यायचं."
आज विचारलं, कुठे शिकलीस. म्हणाली, तिचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आई छत्र्यांची कापडं शिवून द्यायची. ही बारा वर्षांची. दोन वर्षं मायलेकींनी त्यावर घर चालवलं.
"कधी बोलली नाहीस?"
"आई म्हणाली, डॉक्टरच्या घरात जातेस, हे सांगू नको."
चौदा वर्षं झाली लग्नाला. म्हातारीने मला न बघताच ओळखलं होतं.

९ मार्च, गुरु.
पाम गावाला एका तापाच्या रोग्याकडे गेलो होतो. पुढे तारापूरला जाऊन कर्णिकांना तोंडाने सांगायचं ठरवलं होतं. बोईसरपासूनच मागे फिरलो.
घरी येऊन चिठ्ठी लिहिली. 'सदर कामी माझ्या पत्नीची फार मोठी मदत झाली' वगैरे. सुमतीला दाखवली. तिने पुरती वाचली.
"मदत?"
एवढंच. कागद टेबलावर ठेवून तांदूळ निवडायला गेली.
फाडली. दुसरी लिहायला घेतली, 'प्रिय कर्णिक' च्या पुढे

१२ मार्च, रवि.
गादी झाली, मी शिवलेली. टीप बैलाच्या मुतासारखी नागमोडी गेलीये, एका कोपऱ्यात पोक. सुमती शेवटपर्यंत शेजारी बसून सांगत होती, हात लावला नाही. बघून म्हणाली, "बसण्यापुरती झाली." हा टोमणा नसावा. खात्री नाही.
जेवताना विचारलं, "काय सांगू त्यांना?"
"त्या दिवशी मला विचारून सांगितलं होतंत?"
मी आमटी वाढून घेतली. मग तीच म्हणाली, "सांगायचं तर मी समोर असताना सांगा. आणि मला वाईट वाटतं म्हणून नको."
मग कशासाठी, ते मी विचारलं नाही.
आता चार वाजलेत. ती केस विंचरून, इस्त्रीचं पातळ नेसून ओटीवर खुर्ची घेऊन बसलीये. गादी तिच्यासमोर.
फाटक वाजलं. कर्णिकांबरोबर त्यांची बायकोही आलीय. सुमतीने माझ्याकडे पाहिलं नाही. उठायला हवं.