साडूचे पोटवाले ग्लास

४ जानेवारी
साडूकडे जेवण. रुद्रेश नाशिक फिरून आलाय, सोबत वाईन आणि सहा ग्लास. खाली काडीसारखा पाय, वर फुगलेलं पोट, तोंड परत अरुंद. म्हणे या आकारामुळे वास आत साठतो आणि चव खुलते. पुढचं मी ऐकलं नाही. परळीत बावीस वर्षं भांड्यांचं दुकान माझं, आणि भांड्यांवर भाषण हा विमा एजंट देणार. बायको रोहिणी मात्र मान डोलावत होती. येताना म्हणाली, रुद्रेशराव किती छान समजावतात. राव!
मी जळत नाहीये. नोंद असावी म्हणून लिहिलं.

५ जानेवारी, सकाळी ७
संकल्प: आकाराने चव बदलत नाही, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करायचं.

८ जानेवारी
वाईन अंबाजोगाईहून आणली. परळीत लोक ओळखतात. दुपारी गोदामात प्रयोग. स्टीलचा ग्लास, तांब्या, फुलपात्र, कप. घरच्या वळणाप्रमाणे भांडं उष्टं न करता, वरून प्यायलो. चारही चवी एकच. रुद्रेश संपला.
शर्टावर डाग. रोहिणीला बीट म्हणून सांगितलं. म्हणाली, बिटाला असला वास न्हाई येत. नाक फार तिखट तिचं.

११ जानेवारी
आज साडू-मेहुणीला घरी बोलावलंय, पोटवाल्या ग्लासांसकट. सगळ्यांसमोर निकाल. रोहिणी नवी साडी नेसली. पाहुण्यांसाठी, म्हणे. रुद्रेश कधीपासून पाहुणा झाला?

१२ जानेवारी
काल रात्री रुद्रेशचा ग्लास वरून ओतला तर अर्धी वाईन नाकात. तरी ठसकत ठसकत जाहीर केलं, फरक शून्य. रुद्रेश हसला नाही. उलट टॉवेल दिला. त्याचा हाच चांगुलपणा मला सहन होत नाही.
रोहिणी म्हणाली, "तुमी वरून पिता. ओठ न्हाई लागत, नाक न्हाई लागत, सरळ नरड्यात. आकार कळंल कसा?"
मग तिने डोळे मिटून नुसत्या वासावर तीनदा पोटवाला ग्लास ओळखला. रुद्रेशने तो तिला भेट दिला. तिने व्यापारी संघाची माझी ट्रॉफी मागे सरकवून तिथे ठेवलाय.

१३ जानेवारी
संकल्प: कुणाशीही बोलायचं नाही.

१४ जानेवारी
बोललो. चहा मिळेना.

१८ जानेवारी, सकाळी ११
रोहिणी बाजारात. तो ग्लास काढला. उरलेली वाईन ओतली, नाक आत घातलं, जन्मात पहिल्यांदा भांड्याला ओठ लावले.
जांभूळ! चक्क जांभळाचा वास. स्टीलच्या ग्लासात परत पाहिलं, काही नाही. हा शोध माझा, स्वतःच्या नाकाने लावलेला. रोहिणी थक्क होणार.

१८ जानेवारी, दुपारी १
रोहिणीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "जांभूळ तर रुद्रेशराव पयल्याच दिवशी म्हणले हुते."
तांब्याभर पाणी प्यायलो. वरून.