साध्या पाण्यातली शेवटची नळी

प्रिय शालू,

तुझे जीवाणू जिवंत आहेत. काल दुपारी वैशालीने फोन करून सांगितलं. मी जुन्या सवयीने तिला उलटतपासणीत घेतलं, "खात्री आहे ना? भलतंच काही वाढलं नसेल ना?" ती वैतागली. "काका, मॅडमच्या हाताखाली शिकली आहो मी! रंग देऊन पाह्यलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाह्यलं. तेच आहेत. आता छापा!"

छापायला आता माझ्याकडे पेपर कुठे आहे? म्हणून तुला लिहायला बसलो. ही बातमी ऐकून खुर्चीतून उठेल असं दुसरं माणूस मला अख्ख्या वर्ध्यात आठवेना.

आठवतं, त्या नळ्या घरी आणल्यास तो दिवस? तू निवृत्त झालीस आणि कॉलेजातलं कपाट कुणीतरी हौसेने साफ केलं. तुझ्या नळ्यांत दिसायला काय होतं? नुसतं स्वच्छ पाणी. धुतल्या आणि पालथ्या घातल्या! रोहण्याला तुमच्या वावरात कपाशीच्या मुळांजवळच्या मातीतून काढलेले जीवाणू, तुझं सगळं काम, नळाखाली गेलं. दोन नळ्या तेवढ्या तुझ्या पर्समध्ये होत्या, म्हणून वाचल्या. तू चिडली नाहीस. "पाणी दिसलं, पाणी फेकलं. त्यायचं काय चुकलं?" एवढंच म्हणालीस आणि दोन्ही नळ्या देवघराच्या फळीवर ठेवल्यास. तिथे सावली असते आणि कुणी हात लावत नाही, हे तुझं शास्त्रीय कारण.

देवळीहून आलेल्या तुझ्या सुलभावहिनींनी मात्र त्या लगेच हेरल्या. "ताई, हे कोन्या नदीचं पाणी व्हय?"

"नदीचं नाई वहिनी. जीवाणू आहेत त्यात. खायाले काई देत नाई मी त्यायले, तरी जगतात."

"अगं बाई! देवाजवळ ठेवून उपाशी मारून राह्यली काऊन?"

"एकादशी आहे त्यायची," तू म्हणालीस. वहिनींनी नळ्यांना नमस्कार केला. मी हसलो तर तू मला डोळ्यांनी दटावलंस.

वर्षातून एकदा तू थेंबभर पाणी काढायचीस, त्यातल्यांना खाऊ घालून वाढवायचीस आणि पुन्हा नव्या पाण्यात उपाशी ठेवायचीस. मी विचारायचो, हा काय छळ आहे? तू म्हणायचीस, छळ नाही, हीच त्यांची मातीतली रोजची परिस्थिती आहे. पोटभर जेवण हा त्यांच्यासाठी सण.

मला टायफॉइड झाला होता त्या आजारपणात तू हे नीट समजावलंस. उशाशी बसून पेज भरवत होतीस आणि मी वरणभात मागत होतो. "खायला भरपूर असलं की ते घाई करतात," तू सांगत होतीस. एका पेशीतून दोन व्हायच्या तर आधी गुणसूत्राची प्रत काढायला हवी, म्हणजे दोघींना एकेक मिळेल. सुबत्तेत ते पहिली प्रत पुरी व्हायच्या आधीच दुसरीला हात घालतात. मी म्हटलं, हे तर आमच्यासारखं झालं, डाक आवृत्तीची पानं सुटायच्या आत शहर आवृत्ती सुरू! तू खूश झालीस. "अन् खाणं संपलं की?" मी विचारलं. तेव्हा तुझा आवाज हळू झाला. अन्न संपलं की ते नवी प्रत सुरूच करत नाहीत. पण जी सुरू झाली आहे, ती शेवटपर्यंत नेतात. मग थांबतात. प्रत्येकीजवळ एक किंवा दोन, पण पूर्ण गुणसूत्र असतं. "अर्धी प्रत घेऊन निजत नाई त्यायच्यातलं कोणी," तू म्हणालीस आणि वाटी माझ्या हातात दिलीस.

पान छपाईला सोडल्याशिवाय ऑफिसातून उठायचं नाही, या नियमावर मी नोकरी काढली. त्यामुळे तुझे हे जीव मला एकदम आपले वाटले.

आणि तू, शालू? तू काय केलंस?

त्या शेवटच्या सकाळी तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "अवो, त्या नळ्यायले…" बस. पुढे काय? त्या नळ्यांना काय करू? पाणी बदलू? वैशालीकडे देऊ? की फेकून देऊ? तुझ्या आजारपणात त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, हे तुला खुपत होतं का? अर्धं वाक्य माझ्याजवळ ठेवून तू निजलीस. हे तुझ्या नियमात बसतं का, सांग!

पुढचं तुला ठाऊक नाही. ते ऐक आणि रागावू नकोस. तुला घरघर लागली तसं वहिनी देवघराकडे धावल्या. गंगाजलाचा गडू सीलबंद होता, त्यांना उघडेना. शेजारी नळी दिसली. तिचं झाकण फिरवलं, तुळशीचं पान तुझ्या ओठांवर ठेवलं आणि नळीतलं पाणी त्यावर सोडलं. मी पाहिलं. पण वहिनींना थांबवलं नाही. जग सोडताना तुझ्या तोंडात रोहण्याच्या वावरातले तुझेच जीव पडले. नंतर रिकामी नळी खिशात घालताना मला हसू आलं, शालू, खरंच आलं. वाटलं, आता तुला सांगितलं तर पोट धरून हसशील. आणि मग लक्षात आलं, सांगायचं कुणाला?

वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी ते गंगाजलच होतं.

मग उरली एक नळी. तुझ्या हातचं जिवंत असं या घरात तेवढंच होतं, आणि ते जिवंत आहे की नाही हेही माहीत नव्हतं. रोज दिवा लावताना मी ती उजेडाकडे धरायचो. पाणी दिसायचं, दुसरं काही नाही. खूप दिवस तिला घराबाहेर नेण्याची हिंमत झाली नाही. मेलेली निघाली तर? न विचारता राहिलं तर निदान आशा राहते. शेवटी वैशालीनेच रागावून नेली.

तिने थेंब काढला आणि सर्वांत कसदार खाद्यावर पसरला. काही उगवलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा कोरं! तिसऱ्यांदा मला फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "काका, थोडंसंच पाणी उरलं आहे. मॅडम असं जुनं काढलं की आधी काय देत होत्या? मी शिकत होती तवा ते दरवर्षी ताजं असे, मले कधी पाहाले नाई भेटलं."

मला तरी काय ठाऊक? मी बातम्या लिहिणारा माणूस. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि एकदम ती पेजेची वाटी आठवली. मी वरणभात मागितला तेव्हा तू म्हणाली होतीस, "माह्या नळीतल्यायले पण मी पहिले पातळच देतो. लय दिवसाच्या उपाशी जीवाले एकदम पंगतीत बसवलं तर तो तिथंच मरते."

"पातळ कर," मी वैशालीला म्हटलं. "खाद्य अगदी पाण्यासारखं पातळ कर. पेज समज."

काल त्या पातळ खाद्यावर बारीक, पांढरट ठिपके आले. तुझं अर्धं वाक्य पूर्ण झालं का, ते सांगायला तू नाहीस. मी माझ्यापुरतं झालं असं धरतोय.

तू गेल्यावर लोकांनी मला फार खाऊ घातलं गं. गल्लीतून डबे यायचे, वहिनी देवळीहून वडाभात घेऊन यायच्या, माणसं समोर बसून वाढायची. माझ्या घशाखाली उतरायचं नाही. मग मी सगळ्यांना नको म्हणालो, आणि लोकही थांबले. आता गॅसचं सिलिंडर संपता संपत नाही. ते बदलायला येणारा माणूस परवा म्हणाला, "काकाजी, गावाले गेलते का?" मी हो म्हटलं.

काल संध्याकाळी मूठभर तांदळाची पेज केली. मीठ जास्त पडलं. पण वाटीभर संपवली.

उद्या सकाळी मी वैशालीकडे जाणार आहे. वाढलेले जीव ती नव्या पाण्यात घालेल. एक नळी तिच्याकडे राहील, एक नागपूरला तिच्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत जाईल, एक मी घरी आणीन. तिच्यावर ठळक अक्षरात लिहीन, "हे गंगाजल नाही." दरवर्षी त्यांना बाहेर काढायला, पातळ खाऊ घालायला आणि पुन्हा पाण्यात ठेवायला मी वैशालीच्या बाजूला उभा राहीन, हा माझा शब्द. आणि उद्या वैशालीकडूनच देवळीची बस धरीन. वहिनींना तसा फोन केला आहे. "येजा भाऊजी," त्या म्हणाल्या.

वैशालीने एक पेशी ताज्या पातळ खाद्यात ठेवून मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचं कबूल केलं आहे. आधी काही वेळ ती नुसती पडून राहील, म्हणते. मग तिच्या आत प्रत निघायला लागेल. दुपारच्या आत एकीच्या दोन होतील, अशी अपेक्षा आहे.

अजून इथेच असलेला,
तुझा प्रभाकर