तिने न म्हटलेलं वाक्य

सगळ्या बायकांसमोर तू मला उभं केलंस, आई, ते मला अजून पटलेलं नाही. दहा वर्षांच्या पोरीला कोणी असं विचारतं का? घरी विचारायचं होतंस, चुलीपुढे, हवं तर दोन फटके देऊन. सलाम नंतर करते, आधी हे ऐक.

गावच्या मंडळीत आजाऱ्यांच्या भेटींचं काम तुझ्याकडे. कोण गेलं, कोण नाही, याचा जाब रविवारी चर्चमधली उपासना झाल्यावर तू घ्यायचीस. त्या आठवड्यात वेशीजवळ राहणाऱ्या, खाटेला खिळलेल्या म्हातारीकडे मला पेज घेऊन पाठवलंस. घरात वास मारत होता. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि पळाले. रविवारी तू विचारतेयस, "काय म्हणाली गं म्हातारी?" आणि मी सारवलेली जमीन अंगठ्याने उकरतेय. "म्हणजे पेज पोचली, तू नाही पोचलीस," म्हणालीस. बायका हसल्या. तेव्हापासून तुझा नियमच झाला, नुसतं 'गेले होते' म्हणायचं नाही, आजारी माणूस काय बोललं ते सांगायचं.

तो नियम मी इथे भाईंदरला आमच्या महिला मंडळात आणला. मला सगळ्या टरकून असतात. एक म्हणाली, "मावशी, लिफ्ट बंद होती हो, सहावा माळा." मी म्हटलं, "मग प्रभूला सांग, तूच खाली उतरून ये."

बेव्हर्ली पार्कला आमच्यातली एक बाई एकटी राहायची, मुलगी पुण्याला. तिची दर बुधवारची भेट माझी. गेल्या महिन्यात एका बुधवारी मी गेलेच नाही. रविवारी सगळ्या माझ्याकडे बघतायत, आणि तोंडातून निघून गेलं, "गेले होते. म्हणाली, देवाने मला एकटं टाकलं नाही." बायकांनी आमेन म्हटलं. भेट झालीय म्हणून दुसरी कोणी फिरकली नाही. मंगळवारी वॉचमनने दार तोडायला लावलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी गेली असेल.

पाळकसाहेबांनी मातीच्या वेळी तेच वाक्य सांगितलं. आणि परवा तिच्या मुलीचा फोन. "मावशी, आई शेवटचं तुमच्याशीच बोलली ना? कबरीच्या दगडावर तेच कोरून घेतेय. रविवारी मंडळीत तुम्हीच दोन शब्द बोला." मी म्हटलं, "हो बाळा." हो म्हटलं, आई! तेव्हापासून बूड टेकत नाही. काल भाजी करपवली आणि वर सुनेवरच ओरडले. शेवटी तिला सगळं सांगितलं. ती म्हणते, "आई, राहू दे ना. पोरीला तेवढाच आधार आहे."

आधार कसला? वर माझं खोटं, खाली ती. खरंच गेले असते तर काय बोलली असती कोण जाणे. बहुतेक उशीर केला म्हणून मलाच झापलं असतं.

का गेले नाही, तर सुनेला मी सांगितलं, गुडघे दुखत होते. गुडघे बरे होते. आदल्या बुधवारी ती बेव्हर्ली पार्कवालीच मला म्हणाली होती, "तू मला बघायला येत नाहीस, रविवारी सांगायला येतेस." खरं बोलली, म्हणून झोंबलं. म्हणून नाही गेले.

हे पत्र कुठे जायचं नाही, चौथी शिकलेल्या बाईच्या अक्षरातलं आहे, असाच कागद राहील. दगडवाल्याला थांबवायचं तर पोरीला आजच सांगायला हवं. नंबर समोर काढून ठेवलाय, सकाळपासून लावलेला नाही. लावते. रविवारी उभीही राहते, या वेळी कोणी उठवायच्या आधी.

एक सांगून ठेवते. तिकडे देवाघरी ती तुला भेटली असेल. माझी आई म्हणून मध्ये पडायचं नाही, माझ्या वतीने माफी मागायची नाही. ती तुझ्याशी भांडायला आली तर सांग, "तुला जाब माझी पोरच देईल, मी नाही." आणि तू गप्प बस.