ह्यांना घरी बसवायचा गारेगार उपाय

२० एप्रिल १९८६, रविवार. दुपारी तीन

घरी फ्रिज आला. जयवंतने आणला. लेक गुणाचा आहे, बायकोचं ऐकतो तेवढं सोडलं तर. चाळीतलं कोण कोण बघून गेलं ते लिहायला बसले तर वही संपेल. वही नातीने दिली, नीलाने. म्हणाली, आजी, तुला सांगायचं असेल ते सगळं ह्यात लिहीत जा. माझी शाळा तिसरीपर्यंतच, पण किती काळजी पोरीला.

फ्रिज बघितला आणि मला सुचलंच. हे रोज संध्याकाळी साडेपाचला चाळीतल्या गुणाजीला घेऊन साकीनाक्याच्या शेट्टीच्या परमिट रूमला जातात, आठला येतात. कशाला? गारव्याला. आता गारवा घरात आहे. बाटली तेवढी आणायची.

लग्नानंतर तीस वर्षं हे इथे गिरणीत आणि मी वेंगुर्ल्याला सासूच्या हाताखाली. गणपतीला आठ दिवस भेट, त्यातले चार आरत्यांत जायचे. बोलायचं साठून राहिलंय. म्हटलं होतं, रिटायर झाले की बसू. तर हे बारात.

ठरलं. पावसाच्या आत ह्यांना संध्याकाळी घरी बसवणार. उन्हाळ्याला कुठली दारू गार आणि बरी, ते मी शोधून काढणार. मी स्वतः घेत नाही, त्यामुळे डोकं शांत ठेवून निवडता येईल.

२२ एप्रिल, मंगळवार

बियर. जयवंतने पेपरात गुंडाळून आणली. प्रेमा, माझी सून, तिने बजावलं की नैवेद्याच्या दुधाशेजारी ठेवायची नाही. म्हणून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवली. लवकर गार होईल, हाही विचार होताच. सकाळी बघते तर बूच उडालेलं, बियर सगळी बर्फाच्या ट्रेत.

प्रेमाच्या माहेरचे आले होते, त्यांना त्याच बर्फाचं सरबत गेलं. तिच्या काकांनी तीनदा मागून घेतलं. म्हणजे चव आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

अर्धी बियर, अर्धं लिम्का. वर लिंबाची फोड. सव्वापाचला ह्यांच्या हातात ग्लास दिला आणि समजावायला बसले की बारातली बियर कशी शिळी असते, आणि त्यावरून वेंगुर्ल्याच्या विहिरीचं निघालं, आणि त्यावरून जाऊबाईंचं. हे म्हणाले, उद्या बघू. चपला घालून गेले.

ओतून कशी देणार? मीच संपवली. चव बघायला म्हणून. संध्याकाळ छान गेली. प्रेमालासुद्धा दोनदा बाळ म्हटलं.

२७ एप्रिल, रविवार

भावाने, सहदेवने, गावाहून हुर्राक पाठवली. काजूच्या बोंडांची पहिली धार, ह्याच दिवसांत मिळते. हिच्यात लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. ह्याच्यापुढे शेट्टीचा बार काय करणार?

हे वास घेऊन म्हणाले, बरी आहे. आणि गेले.

आठला परत. एवढी पिऊन येतात पण पाऊल वाकडं पडत नाही, जीभ अडखळत नाही. आमच्या कोकणातल्या माणसाची पचवायची ताकदच वेगळी. चपलेला शेण होतं आणि धोतराला गवताची काडी. त्या बारात केर काढतात की नाही कोण जाणे.

हुर्राकची बाटली निम्मी झाली आहे. उन्हाने उडते.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन. ड्राय डे. नाक्यावरचं सगळं बंद. म्हटलं, आज तर बसतातच. भजी तळली, हुर्राक गार करून ठेवली.

साडेपाचला हे निघालेच. म्हटलं, अहो, बार बंद आहे. म्हणाले, माझ्यासाठी उघडतो तो.

चाळीत सगळ्यांना सांगून आले. काय वट आहे माणसाची.

४ मे, रविवार

सकाळची नीरा उन्हात ठेवली की दुपारी ताडी होते, असं मासळीवालीने सांगितलं. मग विकत कशाला घ्या? गॅलरीत फडकं बांधून ठेवली. दुपारी फेस आला, माशा आल्या, मग शेजारच्या प्रभाकाकू गॅस सुटलाय म्हणून आल्या. प्रेमाने भांडं उचलून मोरीत ओतलं. मी काही बोलले नाही. फक्त तिच्या आईने मुलींना काय शिकवलं एवढंच विचारलं. ते जरा लांबलं.

८ मे, गुरुवार

सापडलं. जिन आणि कोकम. कोकमाचं आगळ, साखर, जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ, बर्फ. रंग असा की पैठणी विणावी. घोट घेतला आणि पंख्याखाली असून आणखी एक पंखा लागल्यासारखं झालं.

प्रेमा म्हणाली, बघू. मग म्हणाली, अर्धा ग्लास अजून. दोघी जमिनीवर बसून हसत होतो, कशाला ते आता आठवत नाही. ती काहीतरी सांगत होती, की आई, बाबांनाही कधी बोलू द्यावं. मी तिला मध्येच थांबवून माझ्या डोहाळजेवणाची गोष्ट सांगितली.

ह्यांना दिलं. घाईत होते.

आता एकच. आपणच ते घेऊन बारात जायचं. शेट्टीसमोर ह्यांना पाजायचं. म्हणजे निकाल लागेल.

११ मे, रविवार. संध्याकाळी आठ



थर्मासमध्ये जिन-कोकम घेतलं, नीलाला बरोबर घेतलं. परमिट रूमच्या दारात मी बाई उभी म्हटल्यावर आतले सगळे वळून बघायला लागले. शेट्टी बाहेर आला. ह्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून नीलाकडून वदवलं. तो म्हणाला, धोंडूकाका? दोन वर्षांत इकडे आले नाहीत, दारू सोडली ना त्यांनी.

दोन वर्षं माणूस रोज जातो कुठे? नको नको ते सगळं डोळ्यांपुढे आलं. धावत गुणाजीकडे. त्याची बायको रुक्मिणी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, आरे कॉलनीत असतील, म्हशी बघत.

रिक्षा केली. गोठ्यांच्या अलीकडे रस्त्याकडेला कठड्यावर दोघे बसलेले. मध्ये हातभर जागा. गुणाजीला ऐकायला येत नाही, तो नुसता बघत होता. हेही. म्हशी रवंथ करत होत्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मी विचारलं, घरी खोटं का सांगितलं?

हे म्हणाले, "बारात जातंय म्हटल्यार तू मागसून येणस नाय."

म्हटलं, मी एवढा त्रास देते? तर म्हणाले, त्रास नाही गो, दिवसभर ऐकतोच ना, दोन तास म्हशींचे. थर्मासमधलं गुणाजीने घेतलं. ह्यांनी नाही.

रिक्षात मी गप्प होते. नीलाने दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

१२ मे, सोमवार. संध्याकाळी सहा

साडेपाचला चपला घालताना हे थांबले. म्हणाले, येतेस? पण बोलायचं नाही. मी म्हटलं, एक शब्द नाही. नवी साडी नेसले.

बसस्टॉपवरूनच परत पाठवलं.

मी फक्त बस किती वाजता येते एवढंच विचारलं होतं. आणि प्रेमाच्या काकांचं, ते अगदी थोडंसं.