पळणारा टेपरेकॉर्डर

सांडोर, वसई
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय कॅथरीनताई,

सप्रेम नमस्कार. मस्कतहून पाठवलेली तुझ्या आवाजाची कॅसेट मिळाली. आई बरी आहे, केळींना यंदा घड चांगले लागलेत. अक्षर वाकडं आलंय, कागद सारखा सरकतोय. हसू नकोस.

तू पाठवलेली इलेक्ट्रिक गिटार रोज सहा तास वाजवत होतो. हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं म्हणायचीस ना? एकदा बसून बघ. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून सूर दाबत ठोकायचा, घोड्याच्या टापांसारखा. डाव्या हाताची बोटं तारांवर आपटून भराभर सूर काढायचे. शिकवणारं कोणी नाही, म्हणून आपला जुना टेपरेकॉर्डर हाच गुरू. तारा मेटलच्या कॅसेटच्या सुराला लावायच्या आणि तिच्यामागे धावायचं. तारा फार ताणाव्या लागायच्या, तुटायच्यासुद्धा. मला वाटलं, मेटल म्हटल्यावर एवढं सोसायलाच हवं. सहा डिसेंबरला स्पर्धा आहे, ड्रमवर विरारचा जितेश.

परवा तीच मेटलची कॅसेट जितेशकडे लावली. सूर खाली, गाणं सावकाश. मी म्हटलं, तुझा टेप बिघडलाय.

"माझा नवा आहे रे. तुझाच टेप पळतोय, साल्या!"

आपल्या घरी येऊन त्याने टेपच्या मोटरचा स्क्रू फिरवला आणि वेग बरोबर केला. सहा महिने मी ज्या वेगामागे लागलो होतो, त्या वेगाने कुणी वाजवलंच नव्हतं, ताई.

आता खरं सांगतो. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं महिनाभर बधिर आहेत. शर्टाचं बटण लागत नाही. कागद दाबून धरला की मुंग्या येतात, म्हणून अक्षर असं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने गिटार बंद, तरी बोटं पूर्ववत होतील याची खात्री नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. मला फार भीती वाटते. सकाळी डोळे उघडले की आधी करंगळी हलवून बघतो.

आणखी एक. काल आईने दुरुस्त झालेल्या टेपवर तुझी कॅसेट लावायला सांगितली. आजवर तुझा आवाज कसा भरभर, हसरा यायचा. ताई थकली असेल असं मी कधी म्हटलं, तर आई उसळायची, "कोन म्हनतो थकली? आवाज ऐक पोरीचा!" काल तोच आवाज जड आला. 'मी मजेत आहे' म्हणालीस आणि मग कितीतरी वेळ नुसता पंख्याचा आवाज. आईने कॅसेट काढून ठेवली आणि रोझरीची माळ घेऊन प्रार्थनेला बसली.

हे पत्र पेटीत टाकून जितेशकडे जातोय, स्पर्धेला येत नाही म्हणून सांगायला. संध्याकाळी आईलाही सांगेन. माझं लपवून झालं. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मी शेजारच्या इझाबेल मावशीच्या फोनपाशी बसणार आहे.

फोन कर. सावकाश बोल.

तुझा,
ब्रायन