आईंचे अडतीस कोट

प्रिय भावजी,

वहिनीचे आशीर्वाद. (माझ्याकडे जेवढे उरलेत तेवढे सगळे पाठवते आहे, फार नाहीत.) तुमची तब्येत उत्तम असणारच. "पाच मिनिटांचं काम आहे, वहिनी" असं सांगून जो माणूस फोन ठेवतो, त्याला कसला आजार होणार? इकडे आईंचं बरं आहे. गुडघे दुखतात, हात थरथरतो, सुईत दोरा आता मीच ओवून देते. माझी तब्येत विचारू नका. ती तुमच्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरने खाल्ली.

आधी मुद्दा सांगते, म्हणजे पुढचा आरडाओरडा कशासाठी ते कळेल. आईंनी शिवलेल्या अडतीस कोटांचे फोटो मी खराब केले आहेत. तेच, जे तुम्ही इथे राहत होता तेव्हा, गिऱ्हाईक कोट घेऊन जाण्याआधी काढून ठेवायचात. कोट लोकांच्या कपाटांत गेले, आईंचा हात गेला, उरले होते ते हे फोटो. दुकानाच्या वेबसाइटचं पहिलं पान आईंचं असावं, ही हौस माझी. त्यासाठी फोटो दुरुस्त करायचं ते सॉफ्टवेअर सुचवण्याची हौस तुमची.

पहिल्या दिवशी फोटो होते तसेच चढवले. पान उघडलं की आधी नुसती कॉलर दिसायची, मग बऱ्याच वेळाने पहिलं बटण, आणि खालची शिवण येईपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून कोट घेऊन घरी पोचलं असतं. तुम्ही फोनवर म्हणालात, फोटो फार मोठे आहेत, लहान करा. लहान करा! सत्तावीस वर्षं मी मापाचंच काम करते. टेप घेतली, कॉम्प्युटरच्या पडद्याला लावली आणि भिंगाचं चिन्ह दाबत दाबत फोटो बरोबर चार इंचांवर आणला. (दोनदा मोजला.) पान तरी रखडलेलंच. कारण, हे तुम्ही तिसऱ्या फोनला सांगितलंत, मी फोटो लहान केलाच नव्हता, नुसता लांबून बघत होते. आता ज्या वस्तूचं माप टेपने चार इंच भरतं आणि तरी ते तिचं माप नसतं, तिच्याशी सरळ माणसाने कसं वागावं?

रखडणारे ते फोटो वेबसाइटवरून पुसून टाकले, मग खरं लहान करायचं ठिकाण सापडलं. तिथे रुंदी आणि उंची यांच्यामध्ये एक एवढीशी साखळी काढलेली असते. मला वाटलं नक्षी. दाबली, ती तुटली, उंचीला बांधलेली रुंदी मोकळी सुटली, आणि आईंचा तो सडपातळ काळा कोट असा काही पसरला की त्यात दोन वकील सहज मावले असते. बरं, सेव्ह म्हणावं तर ते सॉफ्टवेअर फोटो स्वतःच्याच कुठल्याशा प्रकारात ठेवतं, आणि वेबसाइट त्याला दारातसुद्धा उभं करत नाही. त्यासाठी म्हणे 'एक्सपोर्ट' करायचं. म्हणजे निर्यात! माझ्याच टेबलावरून माझ्याच टेबलावर निर्यात! आणि निर्यात करताना दर वेळी विचारतं, जुन्या फाइलच्या जागी ही ठेवू का? मी हो म्हटलं. अडतीस वेळा.

हो म्हणताना मनात जराही धाकधूक नव्हती, कारण शिवणकामात लहान करणं म्हणजे शिवण आत घेणं, आणि आत माया ठेवणं. (माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड. आईंच्या मुलाला हे सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.) उद्या माणूस अंगाने सुटला की उसवायचं आणि मोठं करायचं. आईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. तेव्हा फोटो दहा टक्क्यांवर आणला तरी बाकीचा नव्वद टक्के आत कुठेतरी दुमडलेला असणार, असं मी धरून चालले.

मग वाटलं, फोटोवर बोट ठेवलं की तो मोठा व्हावा, गिऱ्हाइकाला आईंचा टाका दिसावा. साखळी जोडली, जुना आकडा परत टाकला. भावजी, कोटाचे चौकोन झाले! ज्या हातटाक्यासाठी लोक दोन-दोन महिने थांबायचे, तिथे राखाडी फरशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पडद्याला ओरडून विचारलं, "काढलेलं ठेवलंस कुठे?" आतून तुमचे दादा म्हणाले, "कुणाशी भांडतेस गं?" मी म्हटलं, "तुमच्या भावाशी!"

कारण काढलेलं ते ठेवतच नाही, फेकून देतं. आमच्या दुकानात चिंध्यासुद्धा पिशवीत भरून ठेवतात, कधी अस्तराला लागतात. हे मात्र लाखांनी ठिपके उकिरड्यावर टाकतं आणि वर साळसूदपणे विचारतं, गुणवत्ता किती ठेवू?

आणि राग फक्त सॉफ्टवेअरवर आहे असं समजून निर्धास्त होऊ नका. सहा वर्षं या घरात तुमचं पाऊल नाही, सल्ले मात्र आठवड्याला. ही वेबसाइट मी बंद करणार आहे. पुन्हा काही फुकटचं सुचवलंत, तर तुमचं माप माझ्या वहीत आहे हे विसरू नका. पुढचा शर्ट साखळी तोडून शिवीन.

तुमची अतिशय संतापलेली,
वहिनी

ता. क. सॉफ्टवेअर सुचवलंत तेव्हा टपालाने पाठवलेला तुमच्या सूचनांचा कागद सापडला. त्यातून मी कॉलरचं पेपर कटिंग, म्हणजे कापडावर ठेवायचा साचा, काढलं होतं. वरची पट्टी कापून गेली होती, ती टोपलीत मिळाली. त्यावर लिहिलंय, "वहिनी, सगळ्यात आधी मूळ फोटोंची वेगळी प्रत ठेवा." तरीही वरचा एकही शब्द मागे घेत नाही. एवढं महत्त्वाचं होतं तर कागदाच्या मध्यभागी लिहायचं.

ता. क. दुसरा. जाताना तुमचा कॅमेरा तुम्ही घेऊन गेलात. त्याच्या कार्डात मूळ फोटो असतील. शोधा. आजच शोधा.

ता. क. तिसरा. सापडले तर पाठवू नका, घेऊन या. आईंना मी घाबरत घाबरत ते खराब फोटो दाखवले. त्या रागावल्या नाहीत. एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगत बसल्या, हा खिसा दोनदा उसवला, ही बाही रडत रडत लावली. कोट त्यांना पाठ आहेत. अडतीसही बघून झाल्यावर मला एवढंच विचारलं, "हे काढले तेव्हा धाकटा इथेच होता ना गं?"