डायोडबद्दलचं माफीपत्र

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू परत गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजात बाबांची शोकसभा झाली. तू नव्हतीस ते बरं झालं. विभागप्रमुख बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, की आमचे मास्तर इतके भोळे, की डायोडसुद्धा सिग्नल वाढवतो असं त्यांना वाटायचं. सगळे हसले. हातात बिस्किटं धरून हसले. मला शिसारी आली. पण मी मान खाली घालून चहा संपवला, कारण कप कुठे ठेवावा ते सुचेना.

तुला हे प्रकरण ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत बाबांनी एका मुलीला विचारलं, की डायोड सिग्नल वाढवू शकतो का. ती म्हणाली, साधा नाही, पण टनेल डायोड वाढवू शकतो. बाबांनी पूर्ण गुण दिले. प्रमुखांनी सगळ्यांदेखत ते खोडून शून्य केलं. बाबांनी हुज्जत घातली, तर आठ दिवसांत त्यांच्याकडून विभागाच्या रजिस्टरमध्ये लेखी माफी घेतली. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव डायोडमास्तर.

आता प्रमुखांना हाच किस्सा बाबांच्या स्मरणपुस्तिकेत छापायचा आहे. त्यासाठी एक फोटो आणि संमती म्हणून आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. तू विमानतळावर रडार दुरुस्त करतेस. मी त्याच विभागात असलो तरी तिथल्या ग्रंथालयात, मला यातलं काही कळत नाही. बाबा बरोबर होते का, एवढं सांग.

प्रकृतीला जप. माया असू दे.

तुझा,
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुपारी वाचलं आणि डबा तसाच घरी आणला. लहानपणी दुसऱ्याचा मार खाऊन वर त्याचीच माफी मागायचास. अजून तसाच आहेस. कप त्यांच्या टेबलावर आपटायचा होतास!

बाबा बरोबर होते. साधा डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. जेवढं आत जाईल त्याहून थोडं कमीच बाहेर येतं, वाढत काही नाही. टनेल डायोडची तऱ्हा वेगळी. एका छोट्या टप्प्यात व्होल्टेज वाढवलं की त्यातला करंट उलट कमी होतो. बॅटरी लावून त्याला नेमका त्या टप्प्यात धरून ठेवला, की बारीक सिग्नल मोठा होऊन निघतो. ती जादा ताकद बॅटरीची, डायोड पदरचं काही घालत नाही. पण तसं पाहिलं तर सिग्नल वाढवायला सगळे वापरतात तो ट्रान्झिस्टर तरी कुठे घालतो?

माझ्या जुन्या खोक्यात एक सापडला. सुट्टीच्या दिवशी जोडून पाहिला. आधी तो सिग्नल न देताच आपणहून शिट्टी मारत बसला. रेझिस्टर बदलल्यावर वठणीवर आला. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सिग्नलची लाट चांगली तिप्पट उंच दिसली.

सही मी करणार नाही, तूही करू नकोस. मला एकच कोडं पडलं आहे. बाबा खोट्यापुढे वाकणारे नव्हते. त्यांनी माफी लिहिली कशी? प्रमुखांना जाऊन विचार, आणि सगळं खरं लिही.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल प्रमुखांच्या खोलीत गेलो. तू लिहिलेलं सगळं सांगितलं. मला वाटलं, ते वाद घालतील. ते हसले. म्हणाले, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. पण बाहेरचे परीक्षक बसलेले असताना हाताखालच्या माणसाने त्यांना शिकवायला नको होतं. एवढंच कारण. आणि बोलता बोलता बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. अशी घाण मी माणसात कधी पाहिली नव्हती.

पण तू खरं लिही म्हणालीस. ताई, ती माफी बाबांनी लिहिलेली नाही. ती मी लिहिली. माझी नेमणूक हंगामी आहे आणि ती वाढवायची की नाही, हे प्रमुखांच्या हातात असतं. मी घरी मजकूर तयार केला, रजिस्टरमध्ये उतरवला आणि बाबांच्या पुढे ठेवला. मला मूलभूत ज्ञान नाही, हे त्यातलं वाक्यसुद्धा माझंच. बाबांनी चष्मा पुसून सगळं वाचलं. माझं अक्षर सुरेख आहे, एवढंच म्हणाले, आणि सही केली. पुढे कधी विषय काढला नाही. प्रमुखांची मला किळस येते, पण आरशात पाहतानाही तेच होतं.

काल मी रजिस्टर मागून घेतलं. माफीच्या खाली लिहिलं, की त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, गुण बरोबर होते, आणि वरचा मजकूर मुलाने स्वतःच्या नोकरीसाठी लिहिला. खाली माझं पूर्ण नाव घातलं. प्रमुख म्हणाले, जूनपासून माझी गरज पडणार नाही. त्या शून्यामुळे ती मुलगी नापास झाली होती, हे मला कालच कळलं. तिचा पत्ता काढून तिलाही सगळं कळवलं आहे.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

धाकटा


२६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी मला किळस आली. चार दिवस पत्राला हात लावला नाही. बाबांनी मला यातलं अक्षरही कळवलं नव्हतं. तुला माझ्यापासून सांभाळत होते, दुसरं काय.

जूनमध्ये इकडे ये. मागची खोली रिकामी आहे. आल्यावर काही दिवस मी फारशी बोलणार नाही, ते चालवून घे. लोभ होता तेवढाच आहे. वाढला की कळवीन.

ताई